बातमी कुणाच्या नावावर

मराठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, चष्म्याशिवाय लागू नये अशा बारीक टायपात एक ओळ असते. हे दैनिक अमुक मालकांकरिता अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून तमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक, आणि कंसात, पीआरबी कायद्यानुसार मजकुराची जबाबदारी कुणाची, ते. ही ओळ कुणी वाचत नाही. तिचे मूळ १८६७ सालच्या एका कायद्यात आहे. इंग्रज सरकारने तो केला तो काही वाचकांच्या कळवळ्याने नाही. सत्तावनच्या उठावाला दहा वर्षे झाली होती, कोण कुठे काय छापतो यावर नजर ठेवायची होती, आणि उद्या धरायचेच झाले तर कुणाला धरायचे हे कागदावर हवे होते. १८९७ आणि १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचे खटले चालले, ते ‘केसरी’तल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्या नावावर होती म्हणून. त्या जुन्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. ओळ मात्र आहे तिथेच आहे.

इंटरनेटमुळे माहितीच्या व्यवहारात काय बदलले, असे कुणी विचारले तर मी या ओळीकडे बोट दाखवीन. माहिती अफाट झाली, फुकट झाली, क्षणात पोचू लागली, हे खरेच; पण ते सांगायला पुस्तक कशाला हवे? माहितीच्या मागे उभा असलेला, नाव-पत्ता असलेला, खोटे निघाले तर कोर्टात खेचता येईल असा माणूस दिसेनासा झाला. त्याच्या जागी आपलाच मामा, आपलाच वर्गमित्र, आपल्याच सोसायटीचा सेक्रेटरी येऊन उभा राहिला. ही खरी उलथापालथ. मजकूर कुठून निघाला हे कुणी विचारत नाही, कारण तो कुणी पाठवला हे स्क्रीनवर दिसतच असते, आणि पाठवणारा ओळखीचा असतो. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या वाटांनी याच ठिकाणी येतात, तेव्हा तिथली जमीन आधी थोडी चाचपून घेऊ.

पहिली गोष्ट, अफवा इंटरनेटने आणलेली नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरत असताना गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसे मारतात, अशी बोलवा होती. तिला छापखाना लागला नाही की तार लागली नाही. चाळी आणि गिरण्यांचे दरवाजे पुरले. आणि ती बोलवा पूर्ण बिनबुडाची होती असेही म्हणवत नाही, कारण तिथे नेलेले बरेचसे खरोखरच परत येत नव्हते. अफवेला सत्याचा एवढा तुकडा पुरतो.

दुसरा दाखला ज्यांना आठवतो असे वाचक पुष्कळ असतील. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. दिल्लीत पहाटे कुठल्याशा देवळात गणपती दूध प्यायला, आणि दुपारपर्यंत मुंबई-पुण्यापासून थेट लंडनच्या साउथॉलपर्यंत माणसे वाट्या-चमचे घेऊन रांगेत उभी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. म्हणजे इंटरनेट देशात येऊन पाच आठवडे झाले होते, पण ज्यांच्याकडे ते पोचले होते ते गणतीत धरावे इतकेही नव्हते. गणपती साउथॉलला पोचला तो टेलिफोनने. एसटीडी बूथ आणि घरातला काळा फोन, बस्स. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून, ते मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने कसे खाली येते ते दाखवले, पृष्ठताणाचा गुणधर्म समजावला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रांगांची छायाचित्रे होती आणि हा खुलासाही होता. ज्याने रांगेचे वाचले त्यानेच खुलाशाचेही वाचले. अफवा जितकी जोरात आली तितकीच लवकर ओसरली, आणि तिने कुणाचा जीव घेतला नाही.

त्या जगाबद्दल उसासे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पुणे आकाशवाणीवरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागत आणि घरोघरची घड्याळे त्यावर मिळवली जात. तालुक्याच्या गावी पेपर यायचा तो डाक आवृत्तीचा, दुपारच्या एसटीने. सलूनमध्ये किंवा पारावर जो वाचू शकतो तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे, मध्येच एखादा म्हातारा ‘अरे, हे काय खरं नाही’ असे म्हणून पुडी सोडायचा आणि त्यावर सगळ्यांचे बोलून व्हायचे. यातले वाचन सामुदायिक होते, शंकाही सामुदायिक होती. शंका घेणाऱ्याला कुणी गावाबाहेर काढत नव्हते. हे चांगले होते यात वाद नाही.

पण बातमीच्या दारावर राखणदार बसला होता, आणि तो कुणाला आत सोडत नव्हता हेही बघायला हवे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात, पैसे मोजून द्यायची तयारी असताना, ‘केसरी’ने छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याआधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांना ‘दीनबंधु’ काढावा लागला तो अशाच कारणाने: जे चालू होते त्यात आपल्या लोकांना जागा नव्हती. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात ‘दर्पण’पासूनची गौरवगाथा सांगताना ही दुसरी गाथा आपण तळटीपेत ढकलतो. राखणदार गेला म्हणून आज सगळ्यात मोठ्याने हळहळतात ते बहुतेक वेळा ज्यांना दार कधी बंद नव्हते असेच लोक, आणि मी त्यांतलाच एक आहे. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या तरुणांना फोन हातात आल्यावर पहिल्यांदा स्वतःची बातमी स्वतः सांगता आली. आपल्या वस्तीवरचा अत्याचार जिल्हा पुरवणीच्या चार ओळींत आटोपू नये म्हणून काय करायचे, हे त्यांना आता माहीत आहे.

तेव्हा हिशेब सरळ नाही. तो आणखी अवघड होतो, कारण इंटरनेट आपल्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा आले ते संगणकावर, इंग्रजीतून, शहरात. मराठीचा तिथला पहिला संसार परदेशातल्या मराठी माणसांनी थाटला. ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झाली, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. फॉन्टच्या भांडणातून वाट काढत, युनिकोड रुळेपर्यंत चौकोन-चौकोन दिसणारे मजकूर वाचत, हौसेने मराठी लिहिणारी ही मंडळी होती. ती लिहीत होती, आणि लिहिलेले वाचून एकमेकांशी भांडत होती. दुसऱ्यांदा इंटरनेट आले ते ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झाले तेव्हा. आधी डिसेंबरअखेरपर्यंत आणि मग मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट. हे इंटरनेट खिशात होते, आणि त्यात वाचायची सक्ती नव्हती. बोललेले ऐकायचे, दाखवलेले बघायचे, अंगठ्याने पुढे पाठवायचे. शाळेची पायरी न चढलेली आजी आणि पीएच.डी. झालेला नातू एकाच रांगेत आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे दुसरे इंटरनेट महत्त्वाचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप आहे ही बातमी फोनाफोनांतून फिरली. ती काही टीव्ही वाहिन्यांनीही रंगवून दाखवली. नाव-पत्त्याची ओळ बाळगणारेही तोवर घसरू लागले होते, ही नोंद करून पुढे जाऊ.

पुढे जायचे म्हणजे राईनपाड्याला जायचे. या विषयावर लिहिणाऱ्या मराठी माणसाला ते गाव टाळून जाता येत नाही.

राईनपाडा धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात आहे, पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीत. आदिवासी वस्तीचा, गुजरातच्या सीमेकडचा मुलूख. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. बाजाराला आलेल्या लोकांत पाच परके पुरुष होते. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. हा भटका समाज. डवर वाजवून, देवाची गाणी म्हणून भिक्षा मागायची, बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडायचे, असे त्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे जगणे. अनोळखी गावाने दारात उभे करून घ्यावे, पसाभर धान्य घालावे, एवढ्या विश्वासावर तो व्यवसाय उभा होता. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला दिसला. ‘मुले पळवणारी टोळी’ अशी हाक उठली. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, कोंडले, आणि तिथे, बंद खोलीत, मरेपर्यंत मारले. पाचही जण गेले. मारहाणीचेही व्हिडिओ निघाले, आणि तेही पुढे पाठवले गेले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली.

त्याआधीचे काही आठवडे खानदेश-नाशिक पट्ट्यात काय फिरत होते? मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, त्या भिकाऱ्यांच्या वेशात असतात, मुलांचे अवयव काढून विकतात, असे संदेश. त्यांच्यासोबत चित्रे. त्यांतली काही चित्रे सीरियातली होती: २०१३ मध्ये घौता भागात झालेल्या रासायनिक हल्ल्यात मेलेली मुले, ओळीने निजवलेली. आणि एक व्हिडिओ, जो त्या उन्हाळ्यात भारतभर हिंडला. गल्लीत मुले क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवर दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि जातात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातला, कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने केलेला. त्यात पुढे ते दोघे परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि एक फलक उलगडून दाखवतात. रस्त्यावरून मूल उचलायला क्षणसुद्धा लागत नाही, तेव्हा पालकांनो, लक्ष ठेवा, अशा अर्थाचा. भारतात फिरलेल्या तुकड्यात हा शेवट नव्हता. कुणीतरी तो कापला होता. कुणी, कुठे, कशासाठी, याचा आजतागायत पत्ता नाही.

कापलेली ती काही सेकंदे मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतात. व्हिडिओत दाखवलेले खोटे नव्हते. ते घडवून आणलेले होते आणि तसे सांगितलेही होते. सांगणारा भाग गेला आणि दाखवणारा राहिला. वर्तमानपत्रात बातमीचे शेपूट कापले जाते तेव्हा ते कापणारा उपसंपादक रात्रपाळीला कुठल्या टेबलावर बसतो हे शोधता येते. इथे कापणारा हात दिसत नाही, दिसतो फक्त पाठवणारा. तो बहुधा एक बाप असतो, ज्याला आपल्या भावकीतल्या पोरांची खरीच काळजी वाटते. खोटे पसरवणारी माणसे वाईट असतात ही समजूत आधी टाकून द्यावी लागते. राईनपाड्याच्या आधीचे संदेश ज्यांनी पुढे पाठवले त्यांच्यातल्या बहुतेकांना आपण सत्कृत्य करतो आहोत असेच वाटत असणार. कुणा अनोळखी परदेशी कंपनीवर त्यांचा विश्वास नव्हता. तो होता चुलतभावावर, आणि चुलतभावाने तो आणखी कुणावर ठेवलेला होता. अशी ही साखळी मागे मागे जाऊन अंधारात संपते.

राईनपाडा घडले त्याच रात्री मालेगावात असाच जमाव जमला. तिथल्या लोकांना पोलिसांनी वाचवले. त्या उन्हाळ्यात देशभर अशा प्रकारांत वीसहून अधिक माणसे मारली गेली.

मग कंपनी हलली. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आणला, आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी मजकूर पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या धास्तीत, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले. संदेश कुलूपबंद असल्याने त्यात काय आहे हे कंपनीलाही वाचता येत नाही, म्हणून जे काही करायचे ते वेगाचेच करणे भाग होते. ते थोडेफार उपयोगी पडले असावे. पूर्वी संतोषी मातेची पोस्टकार्डे यायची, अकरा जणांना असेच पत्र पाठवा नाहीतर अनिष्ट होईल म्हणून. तिथे अकरा कार्डांचे पैसे लागत आणि अकरा वेळा हाताने लिहावे लागे. निम्मे भाविक चौथ्या कार्डाला थकत. अंगठ्याला हा थकवा नाही, तो कंपनीला नियम करून आणावा लागला.

त्या जुलैतली एक गोष्ट मात्र नमूद केल्यावाचून राहवत नाही. अफवांपासून सावध राहा हे भारतीयांना सांगायची वेळ आली तेव्हा व्हॉट्सॲपने ते सांगितले वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन. कोट्यवधी लोकांच्या खिशात थेट पोचण्याची सोय ज्यांच्याकडे होती, त्यांनाही आपले म्हणणे गंभीरपणे घेतले जावे म्हणून कागद, शाई आणि तळाची ती बारीक ओळ लागली!

आता घरात येऊ. नातेवाइकांच्या ग्रुपवर, मग त्याचे नाव ‘आपलं कुटुंब’ असो की आडनाव अधिक ‘परिवार’, सकाळी सहाला फुलांसकट सुप्रभात, मग कुसुमाग्रजांच्या, पुलंच्या किंवा वपुंच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेले काहीतरी, मग युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याची वार्षिक घोषणा, जी युनेस्कोने कधी केलेली नाही. दिवाळीत नासाने अवकाशातून टिपलेला झगमगता भारत. तो वास्तविक अमेरिकी हवामान उपग्रहांच्या माहितीवरून, निरनिराळ्या वर्षांतल्या रात्रीच्या दिव्यांची वाढ दाखवण्यासाठी रंगवलेला नकाशा आहे, आणि दिवाळीशी त्याचा संबंध नाही. हे सगळे निरुपद्रवी. पण याच वाटेने पुढे मधुमेह तीन दिवसांत घालवणारा काढा येतो, अमुक समाजाच्या लोकांपासून जपून राहण्याचा सल्ला येतो, आणि तो येतो तात्यांच्या नावाने. तात्यांना चारचौघांत ‘हे खोटे आहे’ असे कोण सांगणार? भाचा सांगत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न आहे. सून तर नाहीच सांगत. एखादा धीट पुतण्या खुलाशाचा दुवा टाकतो. त्यावर तात्या ‘आला तसा पाठवला, खरं-खोटं देव जाणे’ असे लिहितात, कुणीतरी हात जोडल्याचे चिन्ह टाकते आणि विषय मिटतो. जुन्या मराठी नेटकऱ्यांनी अशा मजकुराला ‘ढकलपत्र’ असे नाव दिले होते. नाव फारच बरोबर आहे. ढकलणारा जबाबदारी घेत नाही, पण त्याच्या शब्दाचे वजन मात्र मजकुराला चिकटून जाते.

आणि खुलासा मागे परतत नाही. अमुक दिवशी चूक छापली तर वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी, जरी आतल्या पानावर आणि जिवावर आल्यासारखी, दुरुस्ती छापते, आणि ती त्याच ग्राहकांच्या दारात पडते. ढकललेला संदेश कुणाकुणाकडे गेला हे पहिल्या पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. मराठीतही आता सत्यपडताळणी करणारी संकेतस्थळे आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे. पण ती वाचतो कोण? ज्याला आधीच शंका आली तो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून करोना पसरतो ही अफवा उठली तेव्हा पशुसंवर्धन खात्याने, डॉक्टरांनी, मंत्र्यांनी नाही म्हणून सांगितले. तरी चिकनचे भाव कोसळलेच, आणि पोल्ट्रीवाल्यांवर पक्षी मातीमोल भावाने द्यायची, काही ठिकाणी गाडून टाकायची वेळ आली. पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिलला, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले. टाळेबंदीतल्या रात्री, चोर फिरताहेत या अफवेवर. ही हत्या झाल्यावर लगेच दुसरी अफवा आली, मारणाऱ्यांच्या धर्माबद्दल. ती इतकी पसरली की राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. पहिल्या अफवेने माणसे मारली, दुसरीने त्यांच्या मरणाचा अर्थ लावून दिला. यादी किती जणांनी वाचली कोण जाणे.

श्रद्धा कुठे सरकली हे बघायचे तर मला अफवांपेक्षा पाऊस बरा वाटतो, कारण तिथे धर्म नाही, राजकारण कमी आहे आणि खरे-खोटे आठवड्यात कळते. भारतीय हवामान खाते १८७५ पासून आहे. पुण्यात शिवाजीनगरला त्याची जुनी इमारत आहे, जिला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. त्या खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ असे येते. यातला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द मोघम नाही. त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. हे शेतकऱ्याला कुणी सांगितलेले नाही. त्याला कळते एवढेच, की खाते हात झटकते आहे. सोयाबीन काढून शेतात पडले आहे, उचलायचे की नाही एवढेच त्याला विचारायचे असते.

या जागी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले पंजाबराव डख आले. यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर, शेतकऱ्याच्या बोलीत, जिल्ह्यांची नावे घेऊन, तारखा देऊन, सोयाबीन झाकून ठेवा, पेरणीची घाई करू नका, अशा थेट भाषेत. मराठवाड्यात आणि विदर्भात त्यांचे नाव घरोघर झाले. हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतले. त्याने त्यांचा श्रोता हलला नाही. २०२४ मध्ये ते परभणीतून वंचित बहुजन आघाडीतर्फे लोकसभेलाही उभे राहिले, निवडून मात्र आले नाहीत. त्यांना भोंदू म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि शहरी माणसे ते करतात. मला ते पटत नाही. त्यांचे अंदाज शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यांनी भरलेली जागा खरीच रिकामी होती, आणि ती रिकामी ठेवण्याचे काम सरकारी भाषेने केले होते. ‘मेघदूत’ नावाचे ॲप सरकारने २०१९ मध्ये आणले, त्यात माहिती चांगली आहे. त्यात माणूस नाही. यूट्यूबवर माणूस आहे, त्याला नाव आहे, आवाज आहे, डोक्यावर टोपी आहे की नाही हेही दिसते. तळाच्या ओळीतल्या संपादकापेक्षा हा ‘नाव-पत्त्याचा’ माणूस शेतकऱ्याला जास्त खरा वाटला तर त्यात नवल नाही. फरक एवढाच, की खात्याचा चुकलेला अंदाज वर्षभर चेष्टेत राहतो आणि व्हिडिओतला चुकलेला अंदाज उद्याच्या व्हिडिओखाली गाडला जातो.

त्याच शिवारात उलट अनुभवही आहे. २०१८ च्या सप्टेंबरात, म्हणजे राईनपाड्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, सांगली जिल्ह्यात उसावर अमेरिकन लष्करी अळी सापडली. मक्यावरची ही परदेशी कीड त्याच वर्षी देशात नव्याने आली होती. शेतकऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपांत अशा वेळी काय चालते ते पाहण्यासारखे असते. कुणीतरी पानाचा फोटो टाकतो. दुसरा म्हणतो, पोंग्यात बघ, विष्ठा दिसते का. तिसरा डोक्यावरचे उलटे वाय अक्षर आणि शेपटीकडचे चार ठिपके दिसतील असा फोटो मागतो. ग्रुपात एखादा कीटकशास्त्र शिकलेला असला तर तो औषधाचे नाव आणि प्रमाण सांगतो. आधी हे सगळे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर चालायचे, आणि तिथे जे औषध शिल्लक असेल तोच सल्ला असायचा. हे ग्रुप नीट चालतात कारण तिथे सांगणाऱ्याचे शेत दुसऱ्याला माहीत असते आणि सल्ला चुकला तर पंधरा दिवसांत पिकावर दिसते. सल्ला आणि सल्लागार एकमेकांपासून सुटत नाहीत. काढ्याच्या आणि टोळीच्या संदेशांत ते सुटलेले असतात.

ग्रंथांचे म्हणाल तर एवढे चांगले दिवस मराठीला कधीच नव्हते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश आज कुणालाही फुकट वाचता येतो. केतकरांचा ज्ञानकोश आणि मोल्सवर्थचा कोशही. यावर प्रस्तावनेत अधिक लिहीत नाही, कारण त्यात वाद नाही. चांगले आहे.

पुढच्या लेखांत या सगळ्याची कायद्याची, पैशाची, शाळेची बाजू येईल. माझे मत मी दिले आहे, लेखकांपैकी दोघा-तिघांना ते मान्य नाही आणि त्यांनी तसे खुशाल लिहिले आहे. ज्यांना फक्त राईनपाड्याबद्दल वाचायचे आहे त्यांनी मध्यभागापासून सुरुवात केली तरी चालेल.

वाचकांना एक विनंती. १८९७ चा ‘केसरी’ आज ग्रंथालयात जाऊन पाहता येतो. २०१८ च्या उन्हाळ्यात साक्री-पिंपळनेरच्या फोनांत नेमके काय होते ते मात्र कुठल्याही ग्रंथालयात नाही. जे आहे ते बातमीदारांनी आणि पोलिसांनी टिपून ठेवले तेवढेच. माणसे फोन बदलतात, जागा संपली की ग्रुप पुसतात. तुमच्या जुन्या फोनात २०१६ ते २०२० मधले गावाचे, सोसायटीचे, नात्यातले ग्रुप अजून असतील तर पुसण्याआधी ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून ती फाइल तारखेसह ठेवा. लोकांची नावे आणि नंबर काढून टाका, मजकूर जसाच्या तसा राहू द्या. आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयाने अशा फाइली घ्याव्यात म्हणून ग्रंथपालांना एक अर्जही द्या. मागणी आल्याशिवाय ते सुरू करणार नाहीत.